कानावरचे की कानातले

शोकसभेत एकामागून एक जे सांगितले गेले, त्यातले निम्मे खोटे होते आणि उरलेले अर्धवट. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. दोनदा हात वर केला. परंतु अशा प्रसंगी दुरुस्ती करणाऱ्याला लोक मत्सरी समजतात, त्यामुळे अध्यक्षांनी माझ्याकडे पाहण्याचे टाळले. मत्सरी मी होतोच. त्याचा आणि खरे सांगण्याचा काही विरोध नाही. ज्याचा हेवा केला त्याच्याविषयी माणूस अधिक अचूक बोलू शकतो, कारण त्याने त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलेले असते.

तो माझा सहकारी. एकाच शाळेत तो विज्ञान शिकवी आणि मी मराठी. निवृत्तीनंतर मी वसईजवळ उमेळ्याच्या घरी परतलो आणि तो विरारला फुलपाड्यातल्या दोन खोल्यांत जाऊन राहिला. तिथे बसून तो तरुणांना हेडफोन निवडून देऊ लागला. त्याचे दुकान नव्हते, कोणाची दलाली नव्हती. पण विरारची, तुळिंजची मुले-मुली खिशातले थोडके पैसे मोजून झाल्यावर "आधी सरांना विचारू" म्हणत आणि त्याचा जिना चढत. एके काळी या भागात गाण्यातले काही विचारायचे तर लोक माझ्याकडे येत. आमच्या संगीत मंडळाच्या बैठका मी भरवल्या, गवयांना स्टेशनवरून मी आणले. पण गाणे कोणते ऐकावे हे विचारणारे संपले आणि कशाने ऐकावे हे विचारणारे वाढले, आणि ते सगळे त्याच्याकडे गेले.

परंतु माझ्या हेव्याचे मूळ ते नव्हे. मूळ हे की, माझी बायको लग्नाआधी गात असे, ते त्याने ऐकले होते आणि मी ऐकले नव्हते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मी काही लपवले असे म्हणू नये.

लगेच एक गैरसमज दूर करतो. ही आणि तो एकाच गावचे, खाडीपलीकडच्या. ती त्याला दादा म्हणे, तो तिला बाय म्हणे, आणि मला तो लहर असेल तेव्हा भावोजी, एरवी मास्तर. तिच्या राखीला त्याने कधी खाडा केला नाही. गावात काहींनी हळूच जे सुचवले, ते सुचवणाऱ्यांच्या बुद्धीला शोभणारे होते. मला हेवा होता तो त्याच्या कानांचा.

शोकसभेत तुळिंजच्या एका मोबाइलवाल्याने सांगितले की, सर डोळे मिटून हेडफोन लावत आणि किंमत सांगत. साफ खोटे. मी स्वतः परीक्षा घेतली होती. एक भारी किमतीचा आणि एक हलका असे दोन त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला लावायला दिले. त्याने हलक्याला भारी म्हटले. रुमाल सोडल्यावर थोडा वेळ दोन्हींकडे पाहिले आणि म्हणाला, "मंग लोकांनी हेच घ्यावं. फसलो तो मी, फायदा त्यांचा." त्या आठवड्यात तिथे आलेल्या प्रत्येकाला त्याने तोच हलका हेडफोन सुचवला आणि सगळे खूष झाले. त्याच्या पराभवाचासुद्धा लोकांना उपयोग होई. माझ्या विजयाचा कोणाला झाला नाही.

दुसऱ्याने सांगितले की, सरांनी कधी कोणाकडून काही घेतले नाही. मग माझ्या घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, कोणी खाल्ली? केळीच्या पानात बांधलेली पुडी हातात पडल्याशिवाय तो माझ्याशी पहिले वाक्य बोलत नसे. पुडी उघडून वास घेई आणि म्हणे, "अवंदा ऊन कमी पडलं." ऊन कमी पडले नव्हते. पण त्याने म्हटले की मला खाताना तसेच लागू लागे.

शिक्षकांच्या खोलीत तो कानांत कापसाचे बोळे घालून बसे. कोणी ऐकण्याजोगे बोलू लागले की बोळा काढी. माझी भाषणे त्याने सगळी बोळे घालून ऐकली. एकदा मुख्याध्यापकांनी त्याला यावरून टोकले तेव्हा म्हणाला, "मास्तरांचं भाषन छान असतं. बोळ्यातूनपन कळतं, तर बोळा काढायचा कशाला?" यात स्तुती होती की नाही हे मी त्याला कधी विचारले नाही.

निवड करून देण्याची त्याची पद्धत मात्र त्याची स्वतःची होती, हे मी मान्य करतो. कोणी आले की आधी पैसे किती हे तो विचारत नसे. पहिला प्रश्न असे: "घरात तुला हाक मारनारं कोन हाय?" आजारी आई असेल, रांगते मूल असेल, तर कान पुरता बंद करणारे काही तो घेऊ देत नसे, त्यांना तो कानावर अलगद बसणारे, बाहेरचे थोडे आत येऊ देणारे हेडफोन सांगे. एका खोलीत सात माणसे राहणाऱ्याला सांगे, कानात घालायचे घे, जरा तरी एकटा बसशील. पैशांचा विषय अखेरीस येई आणि तिथे त्याचे मत ठाम होते. "थोडक्या पैशात मोठा घ्यायला गेलात तर पैसे गादीत जातात. निस्ती उशी. बारीक वस्तूत मावतो तेवढा पैसा आवाजात जातो." मुले त्या कानातल्या प्रकाराला मॉनिटर म्हणत. ज्यांनी उभ्या आयुष्यात वर्गावर मॉनिटर नेमले, त्यांना आता मुले तो कानात घालायला सांगत, यावर मी एक लेख लिहिला होता. तो छापला गेला नाही.

परीक्षेसाठी तो कोणालाही आवडीचे गाणे लावू देत नसे. "आवडीचं गानं मानूस बहिरा असला तरी ऐकतो. कान नाय ऐकत, आठवन ऐकते." म्हणून तो एक जुनी टेप ऐकवी, नंतर मोबाइलमध्ये उतरवून घेतलेली. ती त्याच्या बहिणीच्या हळदीची. त्याचा मामा बोटीवर होता, त्याने टेपरेकॉर्डर आणला होता. आमच्या खाडीकाठच्या लग्नांत धवले म्हणायची रीत आहे. ती गाणी म्हणत एक जाणती बाई सगळे विधी पुढे नेते, तिला धवलारीण म्हणतात, आणि मागच्या बायका तिची ओळ उचलतात. टेपवर ती धवलारीण होती, मुसळाचे ठोके होते, कोणाचा तरी खोकला होता, आणि सगळ्यांच्या मागे, अगदी तळाशी, एका लहान मुलीचा आवाज होता. फुलपाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो एवढेच विचारी: "बारकी पोरगी ऐकू येते का?" येत असेल तर घे. नसेल येत तर परत ठेव.

ती मुलगी म्हणजे माझी बायको. धवलारीण तिची आत्या.

म्हणजे विरारपासून तुळिंजपर्यंत ज्या ज्या पोरासोरांनी त्या माणसाच्या सल्ल्याने कानाला काही लावले, त्या सगळ्यांनी माझ्या बायकोचे गाणे ऐकले होते. आणि मी नव्हते ऐकले. ती आमच्या गावात सून म्हणून आली तेव्हा आमच्या गावची धवलारीण हयात होती आणि ती असताना बाहेरून आलेल्या सुनेने धवल्याला तोंड उघडायचे नाही, ही रीत. ती म्हातारी दीर्घायुषी निघाली. हिने घरात कधी गुणगुणलेही नाही. विचारले तर म्हणे, "ते काय भाजी चिरताना म्हणायचं असतं?"

गावची धवलारीण गेली आणि पाठोपाठ आमच्या नातीचे लग्न ठरले. नातीने हट्ट धरला की तिच्या हळदीला आजीनेच धवले म्हणायचे. ही तयार झाली. आत्याचे धवले तिला जवळजवळ सगळे आठवत होते. एका ठिकाणी मात्र ती अडत होती. वरून हळद उतरवतानाच्या धवल्यात एक ओळ तिला सापडत नव्हती, आणि ती ओळ जिथे यायला हवी तिथे टेपवर मुसळ पडत होते. हिने ठरवले की टेप नीट ऐकायची. त्यासाठी कानाला काहीतरी घ्यायचे. आणि काय घ्यायचे, हे ती दादाला विचारणार होती.

मी म्हणालो, "मी घेऊन येतो. त्यात विचारायचे काय?"

मी तुळिंजच्या बाजारातून मोठा, कानावर बसणारा हेडफोन घेतला. याबद्दल गावात एक कथा प्रचलित आहे. कानातल्या प्रकारात एक बोंडी याच्या कानात, एक तिच्या कानात अशी वाटणी करता येते; मोठा एकाच माणसाला लावता येतो; म्हणून मी जळून मोठा घेतला, अशी ती कथा. मी मोठा घेतला, कारण म्हाताऱ्या कानात काही खुपसू नये, मळ आत सरतो, आणि मोठ्याची पकड सुटत नाही. ही शास्त्रीय कारणे आहेत. वाटणीचा विचार माझ्या मनात आला होता, पण नंतर, दुकानातून बाहेर पडल्यावर.

रविवारी आम्ही फुलपाड्याला गेलो. त्याने सुकेळ्यांची पुडी बाजूला ठेवून हेडफोन हातात फिरवला, गादी दाबून पाहिली.

"मास्तर, उशी चांगली आनलीत. झोपायला."

"आधी ऐकून तर बघ."

"मी कशाला? बायला लावा."

तिने लावला आणि लगेच एका हाताने कानापासून दूर धरला, गरम पातेले धरावे तसा.

"काय झाले?" मी विचारले.

"अहो, बुगडी टोचते."

"मग काढ की बुगडी."

"काढू नको, बाय," तो म्हणाला. "तुझी बुगडी आत्यानं घातलेली. भोक बुजलं तर परत कोन टोचनार?"

मी लग्नापासून त्या बुगड्या पाहत होतो. त्या आत्याने घातलेल्या, हे मला त्या रविवारी कळले, आणि तेही त्याच्याकडून. त्याने खणातून आपले कानातले काढले, त्यांच्या रबराच्या टोप्यांची डबी काढली, आणि न विचारता सर्वांत लहान टोप्या चढवल्या.

"तिच्या कानाचे माप तुला कसे ठाऊक?"

"लहानपनी खाडीत पडली तवा कानात पानी गेलेलं. मीच उलटी धरून काढलं."

"उलटी नव्हतं धरलंस," ही म्हणाली. "आई धरत होती. तू नुसता बघत होतास."

ती त्याला माझ्यासमोर खोटे पाडते आहे याचा मला झालेला आनंद पुरता मिनिटभर टिकला नाही. कारण त्याने एक बोंडी तिच्या कानात दिली आणि दुसरी आपल्या. तार आखूड होती. दोन पांढरी डोकी जवळ आली.

"जुनी टेप हाय, भावोजी. दोन्ही कानांत येकच आवाज. वाटून घेतला तरी कमी होत नाय."

"होतो," मी म्हणालो. "उघड्या कानातून तुझा पंखा, खालची रिक्षा, सगळे आत येते. ही चाचणीच नव्हे. दोन्ही तिला दे."

तो रागावेल असे वाटले होते. पण हीच म्हणाली, "हे बरोबर सांगतात, दादा. दे दोन्ही." त्याने आपल्या कानातली बोंडी काढून तिच्या हातात दिली. त्या वादात मी जिंकलो, हे शोकसभेत कोणी सांगितले नाही.

"आता तुला हाक मारनारं कोन हाय, बाय?" त्याने सवयीने विचारले.

"हेच. दिवसभर."

"मंग पार आत घाल."

तिने घातले आणि डोळे मिटले. मुसळाचे ठोके तिच्या मानेवर दिसत होते. एका ठिकाणी तिने बोट वर केले आणि तसेच ठेवले. मग डोळे उघडून म्हणाली, "आत्या थांबली होती. तिचा दम गेला. ती ओळ आत्याची नाहीच. मी घातली होती."

"मंग काय," तो म्हणाला. "मला म्हायतीच हाय."

"मग इतकी वर्षे सांगितले का नाहीस?" हे मी विचारले.

"कुनाला? तुमी येकदा आलात, टेप ऐकलीत, आन सांगितलंत का रेकॉर्डिंग सदोष हाय. आन गेलात."

रेकॉर्डिंग सदोष होतेच. त्यावर मी आजही ठाम आहे.

मी बोंड्या मागून घेतल्या. माझ्या कानात त्या राहीनात. मोठ्यात मोठी टोपी चढवून बोटांनी दाबून धरल्या. मोबाइलवर सरकणारी वेळ पाहत तिने पुन्हा बोट वर केले. मला मुसळ ऐकू आले, खोकला ऐकू आला, आणि त्या बोटाच्या जागी काहीही ऐकू आले नाही. दोघे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "ठीक आहे." तो हसला नाही. हसला असता तर मला बरे वाटले असते.

ती ओळ तिला सापडली खरी, पण उपयोगाची नव्हती. तिने ती त्याच्या बहिणीसाठी, तिच्या दारातल्या आंब्याचे नाव घालून, जागच्या जागी रचली होती. आमच्या नातीच्या हळदीला दुसऱ्या मुलीचा आंबा कसा चालणार? "वेळेला बघू," ही म्हणाली. तिला त्या दिवशी फार मोकळे झाल्यासारखे वाटत होते. मला नव्हे. मला एवढेच कळले होते की हळदीच्या दिवशी ती ओळ पुन्हा नव्याने घातली जाणार, आणि या खेपेला मी तिथे असणार.

उमेळ्यात आमच्या घराभोवती तीन बाजूंना आता इमारती आहेत. मधे जे अंगण उरले आहे त्यात हळद झाली. पुरुषांचे तिथे काम नसते. पण हिचे गुडघे धरतात, धवले म्हणताना वाकावे लागते, उठावे लागते, आणि आधाराला खांदा लागतो. तो खांदा माझा असेल हे मी आधीच जाहीर केले होते. सुना हसल्या, त्यांना हसू दिले. तोही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, आणि अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे आवाज भिंतीवरून परतून येतो अशी जागा शोधून उभा राहिला होता.

तिने सुरुवात केली. तो आवाज कसा होता हे मी सांगणार नाही. उपमा द्यायची मला सवय आहे, शिकवलेच ते. पण इथे देत नाही. अंगण गप्प झाले, एवढे पुरे.

धवला त्या जागेकडे येऊ लागला. तेवढ्यात बाजूच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळसाठी आलेल्या डीजेने आपला भोंगा तपासायला घेतला. छाती हादरेल असा एक ठोका, मग आणखी एक. कोपऱ्यातून तो तिडीक उठल्यासारखा निघाला. ज्यांना गोंगाट सहन होत नाही ते सगळे दुसऱ्याचा आवाज बंद करायला जातात, तोही गेला. हिने त्याच वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठता उठता पुढे झुकली, तिचे तोंड माझ्या कानाशी आले, आणि तिने ओळ म्हटली. वरून भोंगा धडधडत होता. मागच्या बायकांना काही ऐकू आले नाही; त्यांनी सवयीने आधीचीच ओळ उचलली. नातीच्या डोक्यावरून हळदीचे पाणी उतरत होते. धवला पुढे गेला.

भोंगा बंद करून तो धापा टाकत परत आला तेव्हा हळद संपली होती.

"झाली ती ओळ?" त्याने मला विचारले.

"झाली."

त्यानंतर त्याने काय केले ते शोकसभेत कोणाला ठाऊकच नव्हते. त्याने अंगणातल्या प्रत्येक मोबाइलमधले चित्रीकरण गोळा केले. नातीच्या मैत्रिणींना गाठले, सुनेच्या माहेरच्यांना फोन केले. मोठे हेडफोन, छोटे हेडफोन, उसने आणलेले महागडे, सगळे लावून पाहिले. मी आणलेली उशीसुद्धा मागून नेली. सगळीकडे त्या जागी भोंगाच होता. मग एका सकाळी तो उमेळ्याला आला. पुडी मागितली नाही. ओट्यावर बसला.

"मास्तर, काय म्हटली बाय?"

"तिलाच विचार."

"इचारलं. म्हनते तोंडाला आलं ते म्हटलं, आता आठवत नाय."

"मग आठवत नसेल."

"तुमी खांद्याशी होता."

"होतो."

"ऐकलंत?"

"ऐकले. शब्द न् शब्द."

"सांगा."

"नाही."

मी सांगितले की, तू आयुष्यभर तिचा आवाज अख्ख्या वसई-विरारला ऐकवलास. आता एक ओळ माझ्याकडे राहू दे. त्यावर त्याने वाद घातला नाही. वाद घालणे त्याला जमत नव्हते असे नाही. एवढेच म्हणाला, "सूर तरी? वर गेली का खाली आली?"

"तेही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि हिला हाक मारून चहा मागितला. चहा पिताना तो तिच्याशी माहेरच्या कोणाच्या तरी म्हशीविषयी बोलत होता, पण कान माझ्याकडे होता. तो जाईपर्यंत मी तोंड घट्ट मिटून ठेवले होते; चुकून गुणगुणलो असतो तर त्याने टिपले असते.

मग तो आजारी पडला. मी इस्पितळात त्याच्या उशाशी वाकून ती ओळ त्याला ऐकवली, असे आता सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांचे डोळेही भरतात. मी ऐकवली नाही. मी रोज जात असे. त्याने पुन्हा विचारले नाही, आणि न विचारता सांगणे माझ्या स्वभावात नाही. तो गेला तेव्हा ती ओळ त्याच्यापाशी नव्हती. हे ऐकून ज्यांना मी कठोर वाटेन त्यांना वाटू दे. ज्यांनी कधी कोणाचा इतका हेवा केला नाही त्यांना हे समजावून सांगता येणार नाही.

आता विचारणारी एकटी ही उरली आहे. "काय म्हटलं हो मी तेव्हा?" असे कधी स्वयंपाकघरातून विचारते. मी म्हणतो, "म्हणून बघ, मी ओळखीन." ती म्हणते, "तुम्ही ऐकलंच नसेल. भोंगा एवढा वाजत होता, आणि तुमचे कान ते." हा आरोप मला अजिबात मान्य नाही. तसे सिद्ध करून दाखवण्यासाठी मला ती ओळ सांगावी लागेल, म्हणून मी गप्प बसतो, आणि मला खोटे पाडण्यासाठी ती एकेक ओळ रचून म्हणून बघते. काल दुपारी ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता तिने एक म्हटली. पूर्ण, सुरात, हात थांबवून.

ती नव्हती. पण तसे मी लगेच सांगितले नाही. म्हणालो, "नीट कळली नाही. पुन्हा म्हण."